तीनशेवी पुंगळी

आंजी (मोठी), जि. वर्धा
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

रूपरावजी, जयहिंद.

हे पत्र तुम्ही फाडाल हे धरूनच लिहितो आहे. फक्त वाचून फाडा, म्हणजे माझा अर्धा तास वाया जाणार नाही. फोन तुम्ही उचलत नाही. तीन वर्षांत एकवीस वेळा लावला, एकवीसही वेळा पूर्ण रिंग गेली. अमरावतीचा पत्ता तुमच्या धाकट्या भावाकडून घेतला. देताना त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पण पिनकोडसकट दिला.

कारण एकच. कालपासून रायफल क्लबवर आपली चौदावी बॅच सुरू झाली. 'आपली' लिहून गेलो, ते आता खोडत नाही. पंधरा पोरी आहेत. यादीत अकराव्या नंबरावर सपना हे नाव. आडनाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. तुमची पुतणी. मी विचारलं, "घरी सांगून आली का?"

"बाबाले सांगितलं. मोठेबाबाले नाई सांगितलं."

"काऊन?"

"ते हो म्हणले असते तं तुमाले राग आला असता. नाई म्हणले असते तं मले."

जिभेची धार तुमच्याच घरची आहे.

उद्या कोणी म्हणू नये की रूपराव सोडून गेला म्हणून कवडूनं त्याच्या घरची पोरगी ओढली. म्हणून लेखी कळवतो. एकवीस दिवस, २ फेब्रुवारीला परीक्षा, नियम सगळ्यांना सारखे.

कोर्स तुम्ही सोडला तसा राहिलेला नाही, जास्त कडक झाला. साडेपाचला रेंजच्या खदानीतून निघून पुलापर्यंत आणि परत, पाच किलोमीटर. मग कोपरांवर सरपटत चाळीस मीटर, मुरमावरून. कोपरांना बांधायला मी जुन्या जीन्सच्या आणि गोणपाटाच्या गाद्या शिवल्या आहेत, पण त्या पाचव्या दिवशी देतो. आधी कातडी कळू दे. मग रायफल. पॉइंट टू-टूच्या नळीला पाव किलो वाळूची पिशवी बांधून पाच मिनिटं खांद्याला लावून उभं राहायचं. तिसऱ्या मिनिटाला हात थरथरतो, चौथ्याला डोळ्यांत पाणी येतं, पाचव्याला पोरगी मनातल्या मनात माझ्या मायबापाचा उद्धार करते. पिशवी खाली आली की पुन्हा पहिल्या मिनिटापासून. बारा दिवस रायफल रिकामीच. नळीवर चार छिद्रांचं शर्टाचं बटन ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. सलग वीस वेळा बटन पडलं नाही, तर तेराव्या दिवशी खरी गोळी.

आणि सुई. दोनशे मीटर पळून यायचं, आणि रायफलीला हात लावायच्या आधी नऊ नंबरच्या सुईत दोरा ओवायचा, तीस सेकंदांत. तुम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "फौजेत बावीस वर्षं काढली कवडूभाऊ, पण सुईदोऱ्यानं निशाणा शिकवणारा पहिलाच भेटला." आता मुद्दाम सांगतो. जिचा श्वास सुईपाशी ठरतो, तिचाच गोळीपाशी ठरतो. हे कोणत्याच पुस्तकात नाही. मी शिंपी आहे म्हणून मला सापडलं. तुम्ही गेल्यानंतर सात बॅचेस काढल्या, त्यांतल्या एकोणीस पोरी आज वर्दीत आहेत. कोणी वनरक्षक, कोणी पोलीस. एकोणीसही जणींचे फोटो दुकानात लावले आहेत, शिलाई मशीनच्या वर.

मला कोणी शिकवलं नाही, हे तुम्ही टोमणा म्हणून बोलायचे. मी ते अभिमानानं सांगतो. गिरडच्या यात्रेत फुग्यांच्या दुकानावरच्या वाकड्या नळ्यांच्या बंदुका दुरुस्त करता करता मी शिकलो की बंदूक कुठं खोटं बोलते. बाकीचं पुस्तकांतून.

तुम्हाला माझ्या परीक्षेच्या पँटचा राग होता. ती अजून आहे. राखाडी टेरिकॉट, मोहरीला बाहेरून दीड इंचाची दुमड, इस्त्रीची धार अशी की कागद कापावा. फक्त परीक्षेच्या दिवशी आणि झेंड्याला घालतो. तुम्ही म्हणायचे, "फौजेत पँटीले दुमड नसते." मी म्हणायचो, "फौजेत माझ्यासारखे शिंपीबी नसते."

सपनानं सगळ्यांना तिळगूळ वाटला. मला देताना म्हणाली, "काका, आता गोड बोलाच लागते." म्हणून एवढं लिहिलं.

कवडू थूल
मुख्य प्रशिक्षक


आंजी
मंगळवार, २१ जानेवारी

रूपरावजी, जयहिंद.

उत्तर नाही. अपेक्षा नव्हती.

आज नववा दिवस, सपना टिकून आहे. तीन पोरी घरी गेल्या असत्या, तिनंच त्यांना थांबवलं. रायफल खांद्याला लावताना उजवं कोपर जरा वर उचलते, तुमच्यासारखं. मी तीनदा खाली दाबलं, चौथ्यांदा सोडून दिलं. बटन पडत नाही तिचं.

तो दिवस मी उकरणार नव्हतो. पण तिनं काल पाणी पिता पिता विचारलं, "काका, तवा झालं काय होतं?" मी तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो, म्हणजे दोन घरांत दोन गोष्टी फिरणार नाहीत.

२७ फेब्रुवारी २०२२, रविवार, सहाव्या बॅचची परीक्षा. पंधरा पोरं, प्रत्येकी वीस काडतुसं, एकूण तीनशे. पेटी तुमच्याकडे, देणं तुमच्याकडे. गोळी सुटल्यावर मागं राहते ती पितळी पुंगळी परत मोजून घेणंही तुमच्याकडेच. भरल्या दोनशे नव्याण्णव. एक पुंगळी कमी म्हणजे एक जिवंत काडतूस कोणी खिशात घालून नेलं असा संशय येतो, हे सपनाला समजावून सांगितलं. आपण अंधार पडेपर्यंत गवत उपटलं, मुरूम चाळणीनं चाळला. एक पोरगा लाऊडस्पीकरचं चुंबक घेऊन आला, तेव्हा तुम्ही म्हणाले, "बापू, पितळ चुंबकाले चिकटते काय? मंग बायकोचे डोरले नसते चिकटले?" त्या दिवशी तेवढंच हसलो. झडती सगळ्यांची झाली. काही निघालं नाही. मग ठाण्यात अहवाल द्यायचा होता, मुख्य प्रशिक्षक म्हणून मला. मी लिहिलं, 'काडतुसे देतेवेळी मोजणीत चूक झाली असावी.' असावी लिहिलं, झाली लिहिलं नाही. तुम्ही वाचलं, पेटीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कवडूभाऊ, मी तीनशे देल्ले." एवढंच. ठाण्यानं शेरा मारला की पेटी तुमच्या हाती देऊ नये, आणि तुम्ही मुलाकडे अमरावतीला निघून गेले.

जे दिसलं ते लिहिलं होतं. आजही तेच लिहिलं असतं.

त्यानंतर मी बोर्ड रंगवला. रेंजच्या तोंडाशी लावला आहे, अक्षर तीन इंची: 'ज्याच्या अंगावर पुंगळी निघेल तो तीन बॅचेस पांढऱ्या रेषेच्या आत येणार नाही. मग तो कोणीही असो.' नाचणगावच्या भूपेंद्रनं चावीला अडकवायला एक पुंगळी मोज्यात घातली होती. पोरगं रडलं, त्याची आई येऊन गेली, तरी रेषेबाहेर काढलं. त्याचं नाव बोर्डावर आहे. नियम म्हणजे नियम.

हे सगळं ऐकून सपनानं पाण्याची बाटली बंद केली. उठताना म्हणाली, "मोठेबाबा आता समदं मोजते काका. पोळ्या मोजते, जिन्याच्या पायऱ्या मोजते. औषधाच्या गोळ्या दोनदा मोजते अन् मंग मोठी आईले मोजाले लावते."

हे मला माहीत नव्हतं.

कवडू थूल


आंजी
रविवार, २६ जानेवारी

रूपरावजी, जयहिंद.

आज झेंडावंदन झालं. क्लबचे सेक्रेटरी गजेंद्रबाबू भाषणात चौदा मिनिटं बोलले, पोरी हलल्या नाहीत. मी परीक्षेची पँट घातली होती. भाषण संपल्यावर मी रोशनीला, ही इथलीच आंजीची, सरपटताना कंबर उचलते म्हणून बोललो. तर तुमची सपना मागून म्हणते, "काका, सांगून राह्यले तुमी चौदा दिवसांपासून. एकदा करून दाखवा ना."

त्रेपन्न वर्षांचा माणूस, अंगावर झेंड्याचे कपडे. गजेंद्रबाबू म्हणाले, "थूल, राहू द्या, कपडे खराब होतीन." तेवढं म्हणाले नसते तर कदाचित राहू दिलं असतं.

चाळीस मीटर, हातात रायफल, नळी एकदाही मुरमाला लागली नाही. सपनानं मोबाईलवर वेळ लावली होती, एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. बॅचमधली सर्वांत जलद पोरगी एक मिनिट बावन्न. उठलो, श्वास ठरवला, खिशातून सुई काढली, दोरा ओवला. बावीस सेकंद. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मी वाजवू देत नाही, पण गजेंद्रबाबूंनी टोपी काढली.

उजव्या गुडघ्यावर पँट फाटली. चार बोटं. घरी बायको, सुलोचना, म्हणाली, "आता तरी टाका ती पँट, का म्युझियमात ठेवता?" पण ज्यानं दुमड ठेवून पँट शिवली त्यानं अशा दिवसासाठीच कापड राखलेलं असतं. त्याच थानाचा, तेवढाच विटलेला रंग बाजारात मिळत नाही. उद्या दोन्ही मोहऱ्या उसवतो, त्यातल्या कापडाचं ठिगळ आतून लावतो. तुम्हाला दाखवलं तरी सापडणार नाही.

कवडू थूल


आंजी
सोमवार, २७ जानेवारी

रूपरावजी,

एक विचारायचं होतं. सहाव्या बॅचला जी काडतुसं होती, त्यांच्या बुडावर कोणतं अक्षर होतं, आठवतं का? नंतरच्या बॅचेसना वेगळा माल आला. सहज विचारतो. नोंदीसाठी.

कवडू


आंजी
मंगळवार, २८ जानेवारी

रूपरावजी,

कालचं पत्र टाकलं नाही. ते सहज नव्हतं. आज ह्याच पाकिटात घालतो, म्हणजे मी एक दिवस काय करत होतो ते तुम्हाला कळेल.

काल सकाळी दुकानात बसून उजवी मोहरी उसवली. दुमडीच्या आत शिलाईला एका जागी अर्धा इंच टाके सुटलेले होते. माझे टाके. तिथून कापडाच्या दोन पदरांमध्ये काहीतरी सरकत होतं. मशीनच्या पाटीवर पँट झटकली आणि ती पडली. पितळी, हिरवी पडलेली, नखाएवढी. मी ती भिंगाखाली धरली. बुडावर तेच अक्षर आहे. तुम्हाला विचारायची गरज नव्हती, सहाव्या बॅचनंतर तो माल आपल्याकडे आलाच नाही.

त्या दिवशी मी सहा नंबरच्या पोराच्या उजव्या बाजूला उकिडवा बसलो होतो. बोल्ट ओढला की पुंगळी उजवीकडेच उडते. मी बसलेलो, मोहरीची दुमड वर तोंड करून उघडी. तुम्ही ह्याचसाठी म्हणायचे की फौजेत पँटीला दुमड नसते. मला वाटायचं तुम्ही माझ्या शिवणीला नावं ठेवता.

सुलोचनानं मागच्या वर्षी सांगितलं होतं, "ही पँट आपटली की टिक वाजते." मी म्हटलं, "शिंप्याच्या घरी बटनच वाजन." सात परीक्षा मी ती घालून रेषेच्या आत उभा राहिलो. बोर्ड लावला तोही परीक्षेचाच दिवस, तेव्हाही ती अंगावर होती. भूपेंद्रला बाहेर काढलं तेव्हाही.

अजून एक आहे. २१ तारखेच्या पत्रात मी लिहिलं, झडती सगळ्यांची झाली. ते खोटं आहे. पंधरा पोरांची झाली. तुम्ही स्वतःची टोपी, खिसे, मोजे उलटे करून दाखवले. मग माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "कवडूभाऊ, तुमीबी झटका." मी पोरांसमोर बोललो, "मुख्य प्रशिक्षकाची झडती? रूपराव, ही फौज नाई, माझी रेंज आहे." तुम्ही मागं सरकले. दोन्ही पाय एकदा आपटले असते तर ती तिथंच पडली असती आणि आपण चहा पिऊन घरी गेलो असतो. हे मला तीन वर्षं आठवत होतं. मी ते अहवालात लिहिलं नाही, सपनाला सांगितलं नाही.

तुम्ही तीनशे दिले होते. मोजून, बरोबर तीनशे.

आज अकरा वाजता ठाण्यात लेखी अर्ज दिला, पुंगळीसकट. तिथले हवालदार हसले, "तीन वर्षं काडतूस पँटीत घेऊन फिरले काय थूल?" मी म्हटलं, "काडतूस नाई साहेब. पुंगळी." तेवढं तरी बरोबर असू दे. तुमच्यावरचा शेरा काढावा असं मी अर्जात लिहिलं, आणि त्यांनी माझ्यासमोर तशी नोंद केली. पोचपावतीची आणि नोंदीची प्रत जोडली आहे. ती मात्र फाडू नका.

तिथून रेंजवर गेलो, पंधरा पोरींना उभं केलं आणि हेच सांगितलं. सपना खाली पाहत होती. मग बोर्डावर भूपेंद्रच्या नावाखाली माझं नाव रंगवलं. तीन इंची, तेवढ्याच उंचीचं. तीन बॅचेस. ही धरून.

गजेंद्रबाबू म्हणाले, "परीक्षेपुरतं तरी आत या, कोण पाह्यते?" मी म्हटलं, पंधरा जणी पाहतात.

आता अडचण. क्लबच्या कागदावर प्रशिक्षक दोघंच आहेत, मी आणि तुम्ही. तुमचं नाव कापायला गजेंद्रबाबू दरवर्षी म्हणतात, मी दरवर्षी म्हणतो पुढच्या वर्षी पाहू. का, ते विचारू नका. मी रेषेबाहेर आणि तुम्ही अमरावतीत, म्हणजे २ तारखेची परीक्षा होत नाही. पोरींचे एकवीस दिवस आणि तीस कोपरं वाया जातात. फोन मी लावणार नाही. एकवीस पुरे झाले. तुम्ही नाही आले तर पोरींना मी स्वतः सांगेन की कोणामुळे. त्यात तुमचं नाव घेणार नाही.

पेटीची किल्ली त्याच खिळ्याला आहे.

कवडू


आंजी
सोमवार, ३ फेब्रुवारी

रूपरावजी, जयहिंद.

काल तुम्ही चहा न घेता गेले, म्हणून बोलायचं होतं ते लिहितो.

मी रेषेबाहेर स्टूल टाकून बसलो होतो. तिथून निशाणं दिसत नाहीत, फक्त पाठी दिसतात. सात-चाळीसची बस वाजली, तरी मी वळून पाहिलं नाही. बसमधून उतरून खदानीपर्यंत चारशे दहा पावलं आहेत, ती मी ऐकली. तुम्ही माझ्या बाजूनं गेले, बोर्डापाशी थांबले, वाचलं, आणि आत गेले. पांढरे कॅन्व्हासचे बूट, एक डाग नाही.

पेटी उघडून तुम्ही तीनशे मोजले. मग परत मोजले. मग सपनाला मोजायला लावले. पोरींना वाटलं हे फौजेतलं आहे. मला माहीत होतं ते कशातलं आहे.

मला वाटलं होतं की सुई तुम्ही वगळाल. कागदावर ती सक्तीची नाही. दोनशे मीटर पळून पहिल्या पाच जणी आल्या, त्यांनी सवयीनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं. अमरावतीहून येताना रीळ घेऊन आले होते तुम्ही. म्हणाले, "पाह्यता काय? सुई काढा. तीस सेकंद." त्यानंतर मला निशाणं न दिसल्याचं काही वाटलं नाही.

पंधराच्या पंधरा पास. रोशनी दोनशेपैकी एकशे शहाऐंशी, पहिली. सपना एकशे एकोणऐंशी, तिसरी. तिचं कोपर तुम्हीही दाबलं नाही, हे मी लांबून पाहिलं.

पुंगळ्या तीनशे भरल्या. पोरींनी टोप्या, खिसे, मोजे झटकले, तुम्ही तुमचे झटकले. मग पेटीला कुलूप लावून तुम्ही सरळ चालत रेषेपर्यंत आले. रेषेच्या आत तुम्ही, बाहेर मी, मध्ये चुन्याची चार बोटं. नियमानं माझी झडती होत नाही, मी आत नव्हतोच.

"कवडूभाऊ, तुमीबी झटका."

मी उभा राहिलो. खिसे उलटे केले. टोपी काढून दाखवली. मग उजवा पाय आपटला, मग डावा. काही पडलं नाही. तुम्ही खाली माझ्या मोहरीकडे पाहत राहिले. ठिगळ शोधत असाल असं वाटलं, आणि खरं सांगतो, तुम्हाला ते सापडलं नाही ह्याचा त्या वेळीही मला आनंद झाला. पण तुम्ही म्हणाले, "दुमड काऊन काढली?"

"तुमीच म्हणत होते ना."

"मी रेंजवर म्हणत होतो. बाकी वखतले चांगली दिसत होती."

आणि बसकडे निघून गेले.

पंधरावी बॅच १७ मार्चला आहे. मी दोन बॅचेस अजून बाहेर. पुलापर्यंतची धाव, सरपटणं, वाळूची पिशवी हे सगळं रेषेबाहेर होतं, ते मी घेईन. रायफल आणि पेटी तुमच्याकडे. एवढंच राहिलं की रेंजवर तुम्ही त्या जुन्या मळकट पँटमध्ये उभे राहता, ते माझ्या कोर्सला शोभत नाही. कापड मी काल संध्याकाळीच कापायला काढलं आहे, राखाडी टेरिकॉट. कंबर आणि उंची कळवा. टेप नीट धरा, मोठी आईला दुसऱ्यांदा मोजायला लावलं तरी चालेल.

मोहरी साधी ठेवतो.

कवडू